ओंवी, छापखाना आणि खिशांतील यंत्र

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ह्या मंगल महोत्सवप्रसंगीं परमेश्वरानें आपल्या पूर्वजांवर व आपणांवर केलेल्या उपकारांचें स्मरण करणें उचितच आहे. त्या उपकारांत श्रद्धेचें दान पहिलें. ती श्रद्धा मायबोलींत गाण्याचें दान दुसरें. आधुनिक यंत्रांच्या ह्या युगांत त्या दुसऱ्या दानाचें काय होणार, हा प्रश्न मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

यंत्राची आणि परंपरेची गांठ कांहीं आजच पडलेली नाहीं. १५५६ सालीं हबसाण देशासाठीं निघालेला एक छापखाना गोव्यास उतरला आणि तेथेंच राहिला. हिंदुस्थानांतील तो पहिला छापखाना होय. पुढें १५७९ सालीं येशूसंघाचे इंग्रज सभासद थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. त्यांनीं तेथील लोकांची भाषा आत्मसात केली आणि मुक्तिदात्याचें चरित्र पुराणाच्या धर्तीवर सुमारें अकरा हजार ओंव्यांत रचिलें. तें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. मुखानें गावयाची ओंवी आणि परदेशचें यंत्र ह्यांचा तो संगम होता.

परंतु यंत्रानें उपकार केला, तसें मोलही घेतलें. देशी भाषेचीं पुस्तकें देशी अक्षरांत छापलीं जावीं, ही आपली फार दिवसांची इच्छा फादर स्टीफन्स ह्यांनीं १६०८ सालीं रोम येथील वरिष्ठांस पत्रानें कळविली होती. अडचण अशी कीं, रोमन लिपीस चोवीस अक्षरांचे साचे पुरत. आपल्या लिपीस स्वरव्यंजनांच्या जोडण्यांमुळें सुमारें सहाशें लागत. ते साचे झाले नाहींत, म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. भाषेप्रमाणें यंत्र वळलें नाहीं. यंत्राप्रमाणें भाषेस वळावें लागलें.

ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. पुढें काळ फिरला. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असें फर्मान काढिलें. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ मात्र मेला नाहीं. तो लोकांच्या मुखांत होता. कित्येकांनीं हातानें नकला करून ठेविल्या. गोवें सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुनः छापविला. आणि १९५६ सालीं तो देवनागरींत छापून निघाला. छापखान्यानें ग्रंथ दूरवर पोंचविला हें खरें. पण मधल्या अडीचशें वर्षांत तो राखिला, तो गाणाऱ्यांनीं आणि नकला करणाऱ्यांनीं.

आतां आपल्या काळाकडे वळूं. फादर स्टीफन्स ह्यांस जीं अक्षरें मिळालीं नाहींत, तीं आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें आहेत. तरीही आपल्यांपैकीं पुष्कळजण लग्नाचें आमंत्रण काय आणि मृत्यूची वार्ता काय, शब्द मराठी पण अक्षरें रोमन, अशा रीतीनें धाडतात. त्या काळीं इच्छा होती, साधन नव्हतें. आज साधन आहे. इच्छा आहे काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

तीच गोष्ट आपल्या लग्नगीतांची. वसई प्रांतांत सामवेदी व वाडवळी बोलींतील हीं गीतें आपल्या आज्यांनीं कोणत्याही पुस्तकांतून शिकलीं नाहींत. एकीनें पद उचलावें, इतरांनीं तें झेलावें, आणि शेजारीं उभ्या असलेल्या मुलीनें नकळत शिकावें, अशी ती शाळा होती. ध्वनिवर्धकाचा कर्णा सुरू झाला कीं ती शाळा सुटते. यंत्रांतून येणारें गीत अगोदरच पुरें झालेलें असतें. त्यास झेलणाऱ्याची गरज नसते. म्हणून मांडवांत आवाज वाढतो आणि गाणारे कमी होतात.

कोणी म्हणेल, गीतें मोबाइलमध्यें भरून ठेवूं, म्हणजे झालें. तें अवश्य करावें, आणि लवकर करावें. कारण गाणाऱ्या वृद्धा आपल्यासाठीं थांबून राहणार नाहींत. परंतु कणगींत ठेवलेलें बियाणें सुरक्षित असलें, तरी पेरल्यावांचून त्याचें शेत होत नाहीं.

पवित्र ख्रिस्तसभेनें ह्या विषयीं आपणांस अंधारांत ठेविलेलें नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ ह्या एकाच दिवशीं दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एकानें उपासनेंत लोकभाषेस वाव दिला आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितलें. दुसऱ्यानें मुद्रण, चित्रपट, नभोवाणी इत्यादि साधनांचा सदुपयोग करण्याचा उपदेश केला. यंत्राचा स्वीकार आणि परंपरेचा सांभाळ हीं परस्परविरोधी कर्तव्यें नव्हेत, हाच बोध मी त्यांतून घेतों.

तेव्हां ह्या महोत्सवाच्या वर्षीं तीन गोष्टी आपण कराव्या, अशी माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक लग्नघरीं निदान एक तास कर्णा बंद ठेवून वडीलधाऱ्या स्त्रियांस गाऊं द्यावें. जीं गीतें यंत्रांत भरून घेऊं, त्यांबरोबर तें कोणत्या विधीचें, कोणत्या वाडींतलें, हें देवनागरींत लिहून ठेवावें. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांस दरमहा एक जुनें गीत, यंत्रावरून न ऐकवितां, एखाद्या आजीस बोलावून तिच्या मुखानें शिकवावें.

ज्या शब्दानें देह धारण केला, तो एका मातेच्या बोलींतच पहिले बोल बोलला. पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें आपल्या घरांतून तशी मायबोली आणि तिचें गाणें नांदत राहो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.