खाडीकांठचें गांव आणि आकाशांतील डोळा

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली गाडी मुंब्र्याचा डोंगर मागें टाकते आणि दिवा जंक्शन येतें. येथून एक फांटा वसईस व दुसरा पनवेलीस जातो. स्थानकाभोंवतीं चाळींची दाटी, आणि तिच्यापलीकडे खाडी, खाजण व तिवरांचें रान. दातिवली, बेतवडे, आगासन हीं जुनीं गांवें याच परिसरांतलीं. ज्या भूमीचा कांठ भरतीओहोटीबरोबर हालतो, तिचा नकाशा काढावा तरी कसा? आजच्या विषयाच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. तो विषय म्हणजे विद्यापीठांतून शिकविलें जाणारें दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली.

श्रोतेहो, नांवें कठीण असलीं तरी कल्पना सोपी आहे. वस्तूस स्पर्श न करितां, तिच्याकडून येणाऱ्या किरणांवरून तिची पारख करणें म्हणजे दूरसंवेदन. आणि रस्ते, नाले, लोकवस्ती, जमिनीचा उंचसखलपणा असे निरनिराळे नकाशे संगणकांत एकावर एक बरोबर बसवून त्यांना एकत्र प्रश्न विचारणें, हें भौगोलिक माहिती प्रणालीचें काम. भरतीच्या पातळीहून सखल आणि नाल्यालगत अशीं घरें कोणतीं, याचें उत्तर एकटा नकाशा देत नाहीं. तीन नकाशे मिळून देतात.

मोजणीची ही परंपरा आपल्याकडे नवी नाहीं. १८०२ सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि उत्तरेकडे सरकतां सरकतां १८२३ सालीं आजच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा देह पडला. त्याच्या माणसांनीं भूमि पायांखालीं घालून मोजिली. पुढें तीच भूमि आकाशांतून पाहतां येऊं लागली. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ सालीं, आणि भारताचा आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजीं अंतराळांत गेला. तत्पूर्वीं, १९७० च्या सुमारास, डॉ. पिशारोटी यांनीं केरळांतील माडांच्या बागांचीं अवरक्त छायाचित्रें हवेंतून घेतलीं होतीं, व रोगट माड त्यांत वेगळे उमटले होते. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक.

असें कां व्हावें? निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. अवरक्ताच्या आंकड्यांतून तांबड्याचा आंकडा वजा करावा, आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावें. उत्तर एकाच्या जितकें जवळ, तितकी हिरवळ दाट. पाण्याचें उत्तर बहुधा शून्याच्या खालीं जातें. एवढ्या शाळकरी गणितानें तिवरांचें रान, उघडी जमीन आणि पाणी हीं बऱ्याच अंशीं निराळीं ओळखतां येतात.

पवईची आयआयटी, पुण्याचें विद्यापीठ, देहरादूनची १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था अशा ठिकाणीं या शास्त्राचें उच्च शिक्षण मिळतें. शिवाय २००८ पासून लँडसॅटचा जुना चित्रसंग्रह विनामूल्य खुला झाला. तेव्हां दिव्याच्या एका खोलींत बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाहि आपल्या खाडीचीं गेल्या अनेक दशकांचीं चित्रें पाहतां येतात. मग विद्यापीठांत शिकावयाचें काय? चित्र मिळविणें नव्हे, तर चित्रावर किती विश्वास ठेवावा, हें तेथें शिकावयाचें असतें.

लँडसॅटच्या चित्रांतील नेहमींचा एक चौकोन म्हणजे जमिनीवरील तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असा तुकडा. नऊशें चौरस मीटर! दिव्याच्या चाळींत एवढ्या जागेंत कित्येक बिऱ्हाडें राहतात. चौकोनाच्या अर्ध्या भागांत तिवरें आणि अर्ध्यांत छपरें असलीं, तर उपग्रह दोहोंचें मिश्रण नोंदवितो, आणि तें मिश्रण भलत्याच कशासारखें दिसूं शकतें. दुसरी अडचण भरतीची. उपग्रह दर खेपेस सकाळीं साधारण त्याच वेळीं माथ्यावर येतो; भरती मात्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. म्हणून एका चित्रांत जेथें चिखल दिसतो, तेथें दुसऱ्यांत पाणी असतें. भरतीचें कोष्टक न पाहतां जो म्हणेल कीं खाडी रुंदावली, तो फसला. तिसरी अडचण पावसाळ्याची. पूर येतो तेव्हांच आकाश ढगांनीं झांकलेलें असतें. तेथें रडारचे तरंग उपयोगीं पडतात, कारण ते ढगांतून पार जातात. ३० जुलै २०२५ रोजीं सोडलेला भारत व अमेरिका यांचा निसार उपग्रह याच जातीचा.

ही चिकित्सा केवळ परीक्षेपुरती नाहीं. ६ ऑक्टोबर २००५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांची तोड थांबविली, त्यांच्याभोंवतीं पन्नास मीटरांच्या आंत बांधकामास मनाई केली, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचे नकाशे करण्यास सांगितलें. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानेंहि तें संरक्षण कायम राखिलें. याचा अर्थ असा कीं, उपग्रहाचें चित्र आतां न्यायालयांत साक्षीस उभें राहतें. जेथें तिवरें होतीं तेथें भराव पडला असेल, तर जुनें चित्र तें सांगतें. भराव घालणाऱ्याला तें पुसून टाकतां येत नाहीं. परंतु साक्षीदाराची उलटतपासणीहि झाली पाहिजे. तिवरांना पडीक जमीन म्हटलें, तर लाटा व पूर अडविणारें कुंपण जातें. उलट, जुन्या वस्तीवर तिवरांचा रंग पडला, तर जन्माची पुंजी घालून खोली घेतलेल्या कुटुंबाच्या दारांत निष्कारण संकट उभें राहतें.

म्हणून या शास्त्रांत पडताळ्याचा नियम आहे. समजा, नकाशावरील शंभर ठिकाणें निवडलीं, प्रत्येक ठिकाणीं जाऊन पाहिलें, आणि शहाऐंशी बरोबर निघालीं. तर नकाशा शेंकडा शहाऐंशी खरा. हा आंकडा न छापतां नकाशा लोकांपुढें ठेवणें अप्रामाणिकपणाचें. आणि उरलेलीं चौदा ठिकाणें कोणाचें तरी अंगण, कोणाचें तरी खाजण असतात, हें विसरतां कामा नये. तीं तपासण्यासाठीं विद्यार्थ्यास चपला हातांत घेऊन चिखलांत उतरावें लागतें, आणि जाळें सांवरीत बसलेल्या म्हाताऱ्यास विचारावें लागतें, "काका, येथें पूर्वीं काय होतें?" त्या काकांचें उत्तरहि तपासूनच घ्यावयाचें, पण विचारल्यावांचून राहावयाचें नाहीं.

दिव्यासारख्या गांवांतून जे तरुण हें शास्त्र शिकावयास जातील, त्यांच्याजवळ एक भांडवल आधींच आहे. चित्रांतील हिरवा ठिपका कोणत्या वाटेनें गांठावा, आणि भरतीच्या आधीं तेथून केव्हां परतावें, हें त्यांना ठाऊक असतें. आकाशांतील डोळा सारें गांव एका दृष्टिक्षेपांत पाहतो, पण त्यानें पाहिलेलें खरें कीं खोटें हें ठरवावयास कोणी तरी खालीं उभें असावें लागतें. तो माणूस त्या भूमीचाच असला, तर नकाशाहि खरा होईल आणि भूमीसहि न्याय मिळेल.