साथरोगाचा कायदा आणि नागरी स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महामारीच्या काळात नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न कोणी उपस्थित केला की दोन ठरीव उत्तरे ऐकू येतात. पहिले असे की, माणसे मरत असताना स्वातंत्र्याची चर्चा करणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. दुसरे असे की, राज्यसंस्थेने घातलेले प्रत्येक बंधन हा जुलूमच असून मुखपट्टीपासून लसीपर्यंत सारे काही माणसाला गुलाम करण्याचे कारस्थान आहे. ही दोन्ही उत्तरे समाजवादी विचाराला पटण्यासारखी नाहीत. संसर्गजन्य रोगात एकाच्या वागण्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून सर्वांच्या आरोग्यासाठी व्यक्तीच्या वर्तनावर काही काळ मर्यादा घालण्याचा अधिकार समाजाला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. खरा वाद त्यापुढे सुरू होतो. ती मर्यादा कोणाला विचारून घालायची? तिचा भार कोणी वाहायचा? ती केव्हा उठवायची? आणि तिच्या अंमलबजावणीत अन्याय झाला तर जाब कोणाला विचारायचा? या चार प्रश्नांचा विचार करण्यास महाराष्ट्राचा इतिहास फार उपयोगी आहे. कारण देशाचा साथरोगविषयक कायदा जन्मला तोच मुळी मुंबईच्या प्लेगमधून.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पाठोपाठ रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे हुकूम निघाले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावाकडे गेली. रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या देहापासून औषध काढतात, अशा अफवा त्या वेळी पसरल्या होत्या. राज्यकर्त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की, नेटिव्ह माणूस अडाणी आहे. अफवा खोट्या होत्या यात शंका नाही. परंतु ज्याला चाळीतून उचलून नेले तो बहुधा परत येत नव्हता, आणि त्याचे काय झाले हे नातेवाइकांना कोणी सांगत नव्हते. जिथे सत्ता बोलत नाही तिथे अफवा बोलते. तेव्हा लोकांच्या भीतीला अज्ञान म्हणून मोडीत काढण्यापूर्वी त्या भीतीला खतपाणी कोणी घातले, हे पाहणे आवश्यक ठरते.

या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पहिले कलम नावाचे आणि व्याप्तीचे. दुसऱ्याने सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा दिली. तिसऱ्याने हुकूम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा सांगितली. चौथ्याने या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर कोणताही दावा चालणार नाही, असे संरक्षण दिले. रुग्णाचा हक्क, कुटुंबाचा निर्वाह, जळालेल्या सामानाची भरपाई, सक्तीची मुदत, यांपैकी एकाही गोष्टीविषयी त्यात एक ओळ नव्हती. सत्तेला अधिकार सर्व आणि कर्तव्य एकही नाही, असा तो कायदा होता. आणि एका परकीय सरकारने तो पारतंत्र्यातल्या प्रजेसाठी केला होता.

पुण्यात त्याचा अर्थ लोकांना लवकरच कळला. प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्च १८९७ पासून घरझडतीसाठी लष्करी शिपाई नेमले. शिपाई घरांत शिरू लागले, देवघरे आणि स्वयंपाकघरे तपासू लागले, संशयितांना छावण्यांत नेऊ लागले, सामान जाळू लागले. या असंतोषात सोवळ्याओवळ्याचा आणि जातिअभिमानाचा अंश होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण सारा असंतोष तेवढ्यावर निकालात काढता येत नाही. कर्मठांचा रोष पत्करलेल्या पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वृत्तपत्रातून तक्रार केली होती.

तक्रार करणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांच्या अत्याचारांचा आरोप तेथे जाहीरपणे केला. मायदेशी परतल्यावर पुराव्यासाठी कोणी उघडपणे पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरकारचा हात मोकळा झाला. नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अटकेत ठेवण्यात आले. ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणि १८९८ साली दंडसंहितेत दुरुस्ती होऊन राजद्रोहाचे १२४-अ हे कलम अधिक व्यापक करण्यात आले. त्याच्या जोडीला १५३-अ हे नवे कलम आले. पुण्यातील त्या वर्षीची साथ काही महिन्यांत ओसरली. राजद्रोहाचे ते कलम मात्र स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेतही राहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला तो ११ मे २०२२ रोजी. आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली तेव्हा त्याच आशयाचे कलम १५२ तिच्यात होतेच. साथीच्या निमित्ताने आलेली सत्ता साथीबरोबर जात नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

त्या काळात दुसरा मार्ग अज्ञात होता, असेही नाही. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या हाती कोणताही हुकूम नव्हता. टिळकांनीही शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांवर टीका केली आणि लोकांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे करण्यास हातभार लावला. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका मुस्लिम विणकराच्या घरातील आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला, आणि गोदी कामगार व गाडीवान यांनी काम बंद ठेवले. तेव्हा कोठे सरकारने सक्ती सैल करून वस्तीतील लोकांचे साहाय्य घेण्याचे धोरण हळूहळू स्वीकारले. सरकारला हा शहाणपणा श्रमिकांनी शिकविला.

स्वातंत्र्यानंतर हा धडा टिकायला हवा होता. पण आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीने देशाला वेगळाच अनुभव दिला. महाराष्ट्र विधिमंडळाने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढेच. आरोग्याच्या नावाने लाठी उगारली की ती प्रथम गरिबाच्या पाठीवर पडते, हे तेव्हा दिसले. २०२० साली ते पुन्हा दिसले.

त्या वर्षी आणीबाणी पुकारण्यात आली नव्हती. तिची गरजही भासली नाही. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा एवढ्या दोन शस्त्रांवर सारा कारभार चालला. २३ मार्च २०२० रोजी संसदेचे अधिवेशन गुंडाळले गेले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना तयारीला चार तास मिळाले. सप्टेंबरमध्ये संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला, आणि त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. आपत्ती कायद्याखालील केंद्राचे निर्बंध संपले ते ३१ मार्च २०२२ रोजी. दोन वर्षे देश प्रशासकीय आदेशांवर चालला. ‘कोणाला विचारून?’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आले.

‘भार कोणावर?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून कठोर आहे. २९ मार्च २०२० रोजी गृहमंत्रालयाने मालकांना आदेश दिला की, टाळेबंदीच्या काळात कामगारांचे पूर्ण वेतन द्यावे. मालक न्यायालयात गेले. मे महिन्यात सरकारने तो आदेश मागे घेतला, आणि वेतन न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये सांगितले. घराबाहेर पडू नये, हा कामगारांना दिलेला आदेश मात्र असा सैल झाला नाही. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाण्याच्या आशेने जमलेल्या हजारो मजुरांना लाठ्या मिळाल्या. महाराष्ट्रात कलम १८८ खालील गुन्ह्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून रूळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मरण पावले याची नोंद आपल्याकडे नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. बंधनाची नोंद ठेवणाऱ्या राज्याला बंधनाने मेलेल्यांची नोंद ठेवावीशी वाटली नाही.

त्याच वेळी काही राज्यांनी कारखान्यांतील कामाचा दिवस बारा तासांचा केला. गुजरात सरकारने तर जादा तासांचे दुप्पट वेतनही नाकारले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. महामारी म्हणजे कामगारांचे हक्क काढून घेण्यास पुरेशी अशी सार्वजनिक आणीबाणी नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी पक्षांच्या बहिष्कारात, तीन कामगार संहिता संसदेने संमत केल्या होत्या. वेतन संहितेसह त्या चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १८९८ ची दुरुस्ती आणि २०२० च्या संहिता यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर असले, तरी संधी साधण्याची रीत तीच आहे.

लोकांच्या मनातील भीतीचे स्वरूपही या काळात नवे झाले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृह-अलगीकरणातील माणसांच्या हातावर शिक्के मारले गेले. १ मे २०२० च्या आदेशाने ‘आरोग्य सेतू’ हे फोनमधील ॲप सर्व कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले. त्यामागे संसदेचा कोणताही कायदा नव्हता. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदेशीर असल्याचे म्हटले, आणि पंधरवड्यात भाषा मवाळ करावी लागली. पाळत ठेवण्याचा मोह एकाच पक्षाला होतो असे समजू नये. डाव्या आघाडीच्या केरळात सामूहिक स्वयंपाकघरे उभी राहिली, परप्रांतीय मजुरांना ‘अतिथी कामगार’ म्हटले गेले, हे गौरवास्पद आहे. पण तेथील पोलिसांनीही ऑगस्ट २०२० मध्ये रुग्णांच्या फोनचे तपशील मागितले होते. आपल्या विचाराचे सरकार आहे म्हणून सवलत देणाऱ्याला दुसऱ्या सरकारकडे बोट दाखविता येत नाही.

साथीत शेजाऱ्याविषयीचा संशयही सत्तेच्या उपयोगी पडतो. तबलिगी जमातीच्या मेळाव्यावरून एका संपूर्ण धर्मसमुदायाला रोगाचे कारण ठरविण्यात आले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले. साथीच्या वेळी सत्ता बळीचा बकरा शोधते, हे निरीक्षण त्या निकालात आहे. लसीच्या बाबतीत २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका संतुलित म्हणावी लागेल. लसीकरणाचे धोरण त्याने ग्राह्य मानले, मात्र कोणाच्याही शरीरावर लसीची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवण्यास फर्मावले. लस हे विज्ञानाचे आणि श्रमाचे फळ आहे. तिला विरोध करणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. परंतु लोकांना विश्वासात घेऊन दिलेली लस आणि दरडावून दिलेली लस यांत फरक आहे. धारावीने तो दाखवून दिला. तेथे वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी झाली, आणि ज्या वस्तीविषयी सर्वांत मोठी धास्ती होती तेथे २०२० सालची पहिली लाट आटोक्यात आली.

आता उरतो कर्तव्याचा प्रश्न. आपत्ती कायद्याचे कलम १२ सरकारवर आपद्ग्रस्तांना किमान मदत देण्याचे बंधन घालते. टाळेबंदीसाठी तोच कायदा तत्परतेने वापरणाऱ्या सरकारला मृतांच्या कुटुंबांची आठवण ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करून द्यावी लागली. त्यानंतर पन्नास हजार रुपयांची मदत ठरली. १८९७ चा कायदा मात्र आजही पुस्तकात आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा देण्यासाठी. आरोग्यसेवकांना संरक्षण हवेच. पण नागरिकांच्या हक्काचे एकही कलम त्यात आले नाही. या कायद्याचा फेरविचार आवश्यक असल्याचे विधी आयोगानेही २०२४ च्या अहवालात म्हटले आहे.

तेव्हा पुढची साथ येण्यापूर्वी मागणी स्पष्ट असली पाहिजे. निर्बंधांना ठरावीक मुदत असावी आणि ती वाढवायची तर विधिमंडळाची मंजुरी लागावी. ज्याचे काम थांबवले त्याचे वेतन आणि शिधा ही त्याच आदेशाची अट असावी. वेतन नाही तर टाळेबंदीही नाही. साथीसाठी गोळा केलेली माहिती साथीनंतर नष्ट व्हावी. चौथ्या कलमाचे कवच जाऊन, अन्याय झालेल्या नागरिकाला दाद मागता यावी. आणि वस्तीच्या, कामगार संघटनांच्या, ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना निर्णयात जागा मिळावी. गोखल्यांना १८९७ साली साक्षीदार मिळाले नाहीत, कारण बोलणाऱ्याला संरक्षण नव्हते. साक्ष देणारा माणूस एकटा पडणार नाही याची व्यवस्था करणे, हे संघटनांचे काम आहे, आणि ते साथ नसताना करायचे असते.