सर्वांना सामावून घेणारे बालनाट्य : निवड कशी करावी?



‘आमच्या मुलाला नाटकात घ्याल का?’ असे दिव्यांग मुलांचे पालक संकोचाने विचारतात. हा संकोच अनाठायी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ ने सांस्कृतिक जीवनातील समान सहभाग हा हक्क मानला असून तो जपण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर सोपविली आहे.

मात्र नाट्यसंस्था निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका. एक तालीम पाहा. व्हीलचेअरसाठीचा उतार प्रेक्षागृहातच थांबतो, की रंगमंचापर्यंत पोहोचतो? दृष्टिहीन मुलाला पावले मोजून रंगमंच ओळखून घेण्यास वेळ दिला जातो का? कर्णबधिर मुलाला प्रवेशाची खूण दिव्याने मिळते का? स्वमग्न मुलाला गोंगाट असह्य झाल्यास विसाव्यासाठी शांत कोपरा आहे का?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिकांचे वाटप पाहा. दिव्यांग मूल प्रत्येक प्रयोगात झाड होऊन मागे उभे राहत असेल, तर तेथे प्रवेश आहे, समावेश नाही. ज्या तालमीत त्याची चूकही इतरांप्रमाणेच सुधारली जाते आणि त्याची सूचना ऐकली जाते, तेथे आपले मूल निःशंकपणे पाठवावे. आपले मूल दिव्यांग नसले, तरीही अशीच संस्था निवडावी. सोबत्याला समजून घेण्याचे शिक्षण त्याला तेथेच मिळेल.