कसबाचा मान



भिंगारच्या आपल्या विणकर घरांतून धंदेशिक्षणाची निराळी शाळा कधी काढावी लागली नाही. मूल प्रथम कांड्या भरी, पुढे पांजणीला हात लावी आणि हात बसला म्हणजे मागावर बसे. वडील हेच गुरू. या पद्धतीने कसब उत्तम उतरे. परंतु घरची विद्या बाहेर जात नसे आणि बाहेरची घरात येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरात सुधारलेला हातमाग सिद्ध केला तो अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल या अभियंत्याने, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

सरकारचे लक्ष या विषयाकडे गेले ते दयाबुद्धीने. १८५० साली उमेदवारीचा कायदा झाला, तो विशेषतः अनाथ व निर्धन मुलांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या आतील मूल कारागिराकडे जास्तीत जास्त सात वर्षे बांधून देता येई. मुलीची मुदत मात्र विवाहाबरोबर संपे. हेतू चांगला होता. परंतु हातकाम हा गरिबाचा वाटा, ही समजूत त्यामुळे दृढच झाली असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर दृष्टी पालटली. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना सुरू झाली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे व त्यांस विद्यावेतन देण्याचे बंधन घातले. जे दान होते ते कर्तव्य झाले.

कायदा पालटला, आपले मन पालटले काय? शिक्षकी पेशात मी पालकांच्या तोंडून वारंवार ऐकले, “गुरुजी, टक्के कमी पडले, म्हणून आयटीआयला घातला.” त्या ‘म्हणून’मध्ये १८५० सालचा शिक्का अजून शाबूत आहे. आपल्या गुणगौरव समारंभात पदवीधरांची नावे वाचली जातात. जोडारी, कातारी, वीजतंत्री यांची नावे मात्र कोणी वाचीत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हाताच्या कसबावर संसार उभे केले, त्यांच्या सभेत हे घडावे, हे शोभत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्ती निधीचा काही भाग धंदेशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी राखावा, त्यांस हत्यारे घेण्यास साह्य करावे आणि पुढील वर्षी त्यांचा सत्कार याच व्यासपीठावर पदवीधरांच्या पंक्तीस व्हावा.