गर्भारपणातील वांती आणि गोळीचे भय

मराठी घरांत डोहाळजेवणाचा थाट होतो तो सातव्या महिन्यात. फुलांची वाडी भरलेली, झोपाळ्यावर बसविलेली गर्भवती, भोवती सुवासिनींची गर्दी, ओटी, पंचपक्वान्ने, डोहाळ्यांची गाणी ह्या सगळ्यांचे छायाचित्र पुढे कित्येक वर्षे दिवाणखान्याच्या भिंतीवर राहते. त्याच स्त्रीला तिसऱ्या महिन्यात मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते. मोरीच्या उंबऱ्याशी बसलेली, फोडणीचा वास आला की तोंडाला पदर लावणारी, घोटभर पाणी पोटात ठरेल की नाही ह्या विवंचनेत असलेली ती स्त्री छायाचित्रात येत नाही. शिवाय पहिले तीन महिने ही बातमी बाहेर फोडावयाची नाही, असा संकेत बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या कितीतरी मराठी घरांतून अजून पाळला जातो. त्यामुळे गर्भारपणातील सर्वांत त्रासाचा काळ नेमका गुपचूप सोसावयाचा काळ ठरतो. कचेरीत किंवा शाळेत काम करणाऱ्या स्त्रीला तर पित्ताचे निमित्त सांगून वेळ मारून न्यावी लागते.

जुन्या वैद्यांना ह्या अवस्थेची पुरी जाणीव होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरील वासना उडणे, वांती, अरुची आणि आंबटाची इच्छा ही सर्व एका ओळीने येतात. लोकांनी त्यांतील आंबटाची इच्छा तेवढी लक्षात ठेवली, तिच्यावर गाणी रचली, थट्टा केली. वांतीचा मात्र त्यांना विसर पडला.

वस्तुतः मळमळ व उलट्या ह्यांचा त्रास शंभरांतील सुमारे सत्तर ते ऐंशी गर्भवतींना थोडाबहुत होतोच. पाळी चुकल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत तो सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोहोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत बारा ते सोळा आठवड्यांत ओसरतो. इंग्रजीत ह्याला सकाळचा आजार म्हणण्याची पद्धत आहे. पण हे नाव देणाऱ्याने दुपारी किंवा रात्री चौकशी केलेली दिसत नाही. उलट्यांना वेळेचे बंधन नसते. ह्या सर्वसामान्य त्रासाच्या पलीकडे एक उग्र प्रकार आहे. शंभरांत एक, फार तर तीन स्त्रियांना तो गाठतो. त्यात काहीच पोटात ठरत नाही, गर्भधारणेपूर्वीचे वजन शेकडा पाचाहून अधिक घटते, शरीर स्वतःचीच चरबी जाळू लागते आणि लघवीत कीटोन दिसू लागतात. वैद्यकात ह्याला 'हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम' असे भारदस्त लॅटिन नाव आहे. ते नाव सर्वसाधारण वाचकांच्या कानांवर आले ते डिसेंबर २०१२ मध्ये, इंग्लंडच्या राजघराण्यातील स्नुषा केट ह्यांना ह्याच व्याधीसाठी लंडनच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तेव्हा. दिमतीला सर्व काही असलेल्या स्त्रीलाही जी व्याधी अंथरुणाला खिळविते, ती नाजूकपणाचा किंवा कामचुकारपणाचा प्रकार नव्हे, हे तेव्हा पुष्कळांच्या ध्यानी आले असावे.

'जेन एअर' ह्या कादंबरीची लेखिका शार्लट ब्रॉन्टी हिचा अंतही ह्याच व्याधीने झाला असावा, असे तिच्या अनेक चरित्रकारांचे मत आहे. जून १८५४ मध्ये तिचा विवाह झाला; पुढच्या वर्षाच्या आरंभी सततची मळमळ व उलट्या सुरू झाल्या; ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलेला आहे, परंतु तिचे अखेरचे आठवडे वाचले म्हणजे दुसरेच कारण डोळ्यांपुढे उभे राहते. शिरेतून क्षारद्रव देण्याची सोय झाल्यापासून असे मृत्यू फार विरळ झाले. पण व्याधीविषयीचे गैरसमज तितक्या लवकर विरळ झाले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक पाश्चात्त्य वैद्य असे मानीत की, जिला मनातून मूल नको असते तीच अशी ओकते. अशा स्त्रीला एकान्तात ठेवावे, नातलगांना भेटू देऊ नये, असे उपचारही सांगितले जात. आधीच गलितगात्र झालेल्या स्त्रीवर हा आरोप म्हणजे केवढा अन्याय! आपल्याकडे शब्द निराळे असतात एवढेच. 'आम्हांला नाही बाई असले काही झाले' हे वाक्य त्याच आरोपाचे घरगुती रूप होय.

खरे कारण हाती लागण्यास पुष्कळ काळ जावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात मार्लेना फेझो, स्टीफन ओ'राहिली व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. जीडीएफ-१५ ह्या नावाचे एक संप्रेरक आहे. गर्भ व वार ह्यांच्यापासून ते आईच्या रक्तात उतरते आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या, वांतीचे नियमन करणाऱ्या केंद्राला चेतविते. ज्या स्त्रीच्या रक्तात हे द्रव्य एरवी अगदी थोडे असते, तिला ते एकाएकी वाढले की अधिक बाधते. जिच्या अंगवळणी ते आधीच पडलेले असते, तिला कमी. बीटा थॅलसेमियाच्या रुग्ण स्त्रियांच्या रक्तात हे द्रव्य मुळातच विपुल असते. त्यांना गर्भारपणी उलट्यांचा त्रास क्वचितच होतो, असेही त्याच संशोधनात आढळले. मनाचा कमकुवतपणा किंवा मुलाची नावड ह्यांतील कशाचाही येथे संबंध उरत नाही.

सौम्य त्रासाला घरचे उपाय पुरतात, आणि आजीबाईच्या बटव्यातील पुष्कळसे शास्त्रालाही मान्य आहेत. आले किंवा सुंठ ह्यांचा थोडाफार गुण येतो, हे तपासून पाहिलेले आहे. साळीच्या लाह्यांचे पाणी घोट घोट घेणे, उठण्यापूर्वी अंथरुणातच काहीतरी कोरडे खाणे, दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दोन तासांनी चार घास घेणे, स्वयंपाकघराच्या वासापासून दूर राहणे, हे सर्व योग्यच. ह्यांतील शेवटचा उपाय सांगावयास सोपा. तो अमलात यावा म्हणून दुसऱ्या कोणाला तरी फोडणी घालावी लागते, आणि तेथेच तो अडतो. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर पहिल्या तीन महिन्यांपुरती ती वैद्यांना विचारून थांबविता येते. फॉलिक आम्लाची लहान गोळी मात्र चालू ठेवावी.

परंतु घरचे उपाय पुरत नाहीत असे दिसल्यावर काय करावयाचे? येथे मराठी कुटुंबातील शहाणीसुरती माणसेही थबकतात. गर्भारपणी कसलीही गोळी नको, हा नियम सासू, आई, शेजारीण आणि कधी कधी औषधविक्रेता अशा चौघांच्या तोंडून सारख्याच निश्चयाने ऐकू येतो. ह्या भयाला इतिहास आहे, आणि तो खोटा नाही. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध विक्रीस आले. झोपेसाठी, मनाच्या स्वस्थतेसाठी आणि गर्भवतींच्या मळमळीसाठीही ते निर्धोक म्हणून खपविण्यात आले. गर्भ राहिल्यानंतरच्या सुमारे विसाव्यापासून छत्तिसाव्या दिवसापर्यंत ते पोटात गेले की बाळाचे हातपाय खुंटत; आणि उलट्यांना आरंभ होतो तोही नेमका ह्याच सुमारास. जर्मनीत विडुकिंड लेंझ व ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड ह्यांनी धोक्याची सूचना दिल्यावर १९६१ च्या अखेरीस ते जर्मनी व ब्रिटन येथील बाजारातून काढून घेण्यात आले. तोवर जगभर दहा हजारांच्या वर मुले व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी ह्या अधिकारी स्त्रीने पुराव्याअभावी परवानगी अडवून धरली, म्हणून तेथील बहुसंख्य मुले वाचली.

ह्या कहाणीने जग शहाणे झाले. औषधांची कसून परीक्षा करण्याचे कायदे झाले. पण त्याच कहाणीची सावली एका निरपराध गोळीवरही पडली, आणि ती दुसरी कहाणी फारशी कोणी सांगत नाही. डॉक्सिलामीन हे हिस्टामीनविरोधी औषध आणि पायरिडॉक्सिन म्हणजे ब-६ जीवनसत्त्व ह्यांचा योग असलेली गोळी १९५६ पासून अमेरिकेत 'बेंडेक्टिन' ह्या नावाने मिळत असे. ब्रिटनमध्ये तिला 'डेबेंडॉक्स' म्हणत. सुमारे तीन कोटींवर स्त्रियांनी ती घेतली. शंभर अर्भकांत दोन-तीन जन्मजात दोषांसह जन्मतात, आईने औषध घेतलेले असो वा नसो. इतक्या असंख्य स्त्रिया गोळी घेत असता त्यांच्यांतील काहींच्या पदरी असे मूल यावे हे क्रमप्राप्तच होते. शोकाकुल आईबापांनी गोळीकडे बोट दाखविले, वकील पुढे सरसावले, दोन हजारांहून अधिक खटले उभे राहिले. शास्त्रीय पाहण्यांत गोळीचा दोष आढळला नाही. तरीही खटल्यांचा व विम्याचा खर्च झेपेना, म्हणून कंपनीने जून १९८३ मध्ये गोळी बंद केली.

पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. गोळी नाहीशी झाल्यावर जन्मजात व्यंगांचे प्रमाण घटावयास हवे होते. ते घटले नाही. उलट, उलट्यांनी बेजार होऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या अमेरिकन गर्भवतींची संख्या मात्र वाढली. शेजारच्या कॅनडात हीच गोळी दुसऱ्या नावाने चालू होती आणि तेथे काही विपरीत घडले नाही. सुरक्षिततेच्या कारणासाठी ही गोळी काढलेली नव्हती, असे अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने १९९९ मध्ये जाहीर केले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याच योगाला पुन्हा रीतसर मान्यता दिली. मधली तीस वर्षे तेथील स्त्रियांनी ज्या यातना सोसल्या, त्या कोणत्याही न्यायालयात मोजल्या गेल्या नाहीत.

भारतात हीच गोळी वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळते. तिची घेण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. तिच्यावरील लेप पोटात सावकाश विरघळतो. म्हणून आरंभी रात्री झोपताना दोन गोळ्या देतात व त्यांचा गुण सकाळी दिसतो. तेवढ्याने भागले नाही तर सकाळी एक व दुपारी एक वाढवून दिवसाला चारपर्यंत जाता येते. उलटी झाल्यावर धावाधाव करून घ्यावयाची ही गोळी नव्हे. रोज ठरल्या वेळी, रिकाम्या पोटी, न चावता घेतली तरच ती कामाला येते. पुष्कळ जणी दोन दिवस घेतात, गुंगी आली म्हणून सोडतात आणि मग औषध लागू पडत नाही असे म्हणतात. गुंगी येते हे खरे, आणि ती कित्येकींना चार-सहा दिवसांत सरावाची होते.

एवढ्याने न भागल्यास प्रोमेथाझिन, मेटोक्लोप्रामाइड, ऑनडॅनसेट्रॉन ही पुढची पायरी. मेटोक्लोप्रामाइड एका वेळी पाच दिवसांहून अधिक देऊ नये असा संकेत आहे, कारण तरुण स्त्रियांत त्याने कधी कधी मान व जबडा आखडतो. ऑनडॅनसेट्रॉनविषयी २०१८ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास दर दहा हजार जन्मांमागे ओठ वा टाळू दुभंगलेली सुमारे तीन मुले अधिक आढळतील, असा तिचा निष्कर्ष. हा आकडा लपवू नये आणि फुगवूही नये. जी स्त्री घोटभर पाणीही ठेवू शकत नाही, तिच्यापुढे तो मांडून वैद्यांनी तिच्यासह निर्णय घ्यावा. तिच्या वतीने घरातील इतरांनी नव्हे.

चोवीस तास काही पोटात ठरत नसेल, लघवी गडद होऊन आठ-आठ तास होत नसेल, उभे राहताच घेरी येत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, ताप किंवा पोटात कळा असतील, तर लाह्यांच्या पाण्याची वेळ गेली असे समजून रुग्णालय गाठले पाहिजे. तेथे सलाईन लावतात, रक्तातील क्षार तपासतात, जुळे आहे काय किंवा द्राक्षगर्भ आहे काय हे पाहण्यासाठी सोनोग्राफी करतात. ह्या ठिकाणी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. आठवडेच्या आठवडे उपाशी असलेल्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेले असते. अशा वेळी नुसते ग्लुकोज चढविल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची चिन्हे. म्हणून ग्लुकोजच्या आधी थायमिन टोचावयाचे असते. गल्लीतल्या दवाखान्यात शक्तीची बाटली म्हणून नुसते ग्लुकोज लावून घेण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती अशा रुग्णाच्या बाबतीत घातक ठरू शकते.

आई किंवा बहीण ह्या व्याधीतून गेलेली असेल, तर ती होण्याचा संभव वाढतो. नॉर्वेतील जन्मनोंदींवरून आईला हा त्रास झालेला असल्यास मुलीला तो होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. पहिल्या खेपेस झालेला त्रास दुसऱ्या खेपेसही पुष्कळदा परत येतो. म्हणून अशा स्त्रीने तीन महिने गुपित राखण्याचा संकेत निदान वैद्यांपुरता बाजूला ठेवावा आणि पाळी चुकताच त्यांच्याकडे जावे. उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता गोळी त्या आधीच चालू केली, तर त्रासाचा जोर कमी राहतो असा अनुभव आहे. पहिल्या वेळी कोणत्या आठवड्यात काय झाले, वजन किती उतरले, कोणते औषध मानवले, हे एका वहीत टिपून ठेवलेले असले म्हणजे दुसऱ्या वेळी वैद्यांचेही काम हलके होते.