अर्वाच्य शब्दांची गरज

ज्या वस्तूविषयी बोलायचे तिचे चार नमुने पुढे मांडल्यावाचून व्याख्यानाला रंग भरत नाही, हा जुना शिरस्ता आहे. परंतु आज रेडिओवर मी तो पाळू लागलो, तर दुसऱ्या मिनिटाला माझा आवाज बंद होऊन त्या जागी सनईवादन सुरू होईल, आणि ते सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याला मलाही दोष देता येणार नाही. तेव्हा शिव्यांविषयी शिव्यांवाचून बोलणे प्राप्त आहे. जेथे नमुना अगदीच अपरिहार्य वाटेल, तेथे श्रोत्यांनी तो आपापल्या संग्रहातून भरून घ्यावा.

माणसे नित्याच्या बोलण्यात शिव्या का देतात, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत: संस्कार नाहीत म्हणून, किंवा शब्द अपुरे पडतात म्हणून. पहिले उत्तर देणाऱ्याने एखाद्या शुचिर्भूत गृहस्थाला भिंतीत खिळा ठोकताना पाहिलेले नसावे. हातोडी खिळा सोडून अंगठ्यावर बसली, की नित्य स्तोत्रपठण करणाऱ्या मुखातूनही जो उद्गार बाहेर पडतो, तो कोणत्याच स्तोत्रात आढळत नाही. दुसऱ्या उत्तराविषयी तर न बोललेलेच बरे. दारातला पोहरा कोणी पळवला म्हणून बोळाच्या तोंडाशी उभी राहून, मुडदा बसवण्यापासून पटकी-वाख्यापर्यंत आणि वाटोळ्यापासून निर्वंशापर्यंत अखंड मालिका गुंफणारी, आणि तीत एकही मणी दुसऱ्यांदा न ओवणारी म्हातारी ज्याने ऐकली आहे, त्याने शब्ददारिद्र्याची गोष्ट काढू नये.

खरे कारण याहून खोल, अगदी मेंदूत शिरून बसले आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लबोर्न्य नावाचा एक रोगी तपासला. अनेक वर्षांपूर्वी त्याची वाचा गेली होती, आणि काहीही विचारले तरी 'तान' एवढाच ध्वनी तो उच्चारीत असे. परंतु समोरच्याला आपले म्हणणे उमगत नाही असे पाहून तो संतापला, की देवाच्या नावाने घातलेली एक अख्खी फ्रेंच शिवी त्याच्या तोंडून बिनचूक बाहेर पडे. वाक्ये रचण्याचे दफ्तर जळून खाक झाले तरी शिवी शाबूत राहते, याचा अर्थ तिचे ठाणे त्या दफ्तरात नाही. रडणे, दचकणे, किंचाळणे यांच्या शेजारी कोठेतरी ते आहे.

इंग्लंडातील कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच दिशेचा आहे. विद्यार्थ्यांनी बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायचा, एकदा साधा शब्द म्हणत आणि एकदा शिवी हासडत. शिवी देताना हात अधिक काळ पाण्यात टिकला. मला मात्र या प्रयोगापेक्षा त्याची २०११ सालची पुरवणी अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांच्या जिभेवर शिवी दिवसभर खेळत असते, त्यांना तिचा हा गुण कमी येतो, असे तीत आढळले. शिवीची ताकद तिच्या अक्षरांत नसून तिच्यावरील मनाईत आहे, आणि जो ती मनाई दर वाक्याला मोडतो तो पदरचे भांडवल उधळीत असतो, एवढे यावरून म्हणायला हरकत नाही.

मग ही उधळपट्टी लोक करतात कशासाठी? शिवी कोण कोणाला देतो, हे पाहिल्यावाचून याचा उलगडा होत नाही. साहेबाला दिलेली शिवी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिली जाते, हाताखालच्याला दिलेली त्याच्या तोंडावर दिली जाते, आणि बरोबरीच्याला दिलेली त्याच्या गळ्यात हात घालून दिली जाते. कोकणात 'मेल्या' म्हणून हाक आली, तर ज्याला ती आली त्याला दीर्घायुष्य चिंतिल्यासारखे वाटते. आणि रोज अशाच वळणाची हाक मारणारा जिवलग मित्र एके दिवशी अकस्मात 'आपण' म्हणू लागला, तर दोघांत पैशाचा व्यवहार बिघडल्याचे शेजाऱ्यांना न सांगता कळते. गाडीवानाची तर आणखीच गंमत. चढणीवर अडलेल्या बैलाला तो जी शिवी घालतो, ती बैलाला नसून बहुधा बैलाच्या धन्याला असते, आणि तो धनी म्हणजे तो स्वतःच असतो! बैल चालू लागतो, दोघांपैकी कोणालाच राग येत नाही, आणि पुढच्या चढणीवर तीच शिवी पुन्हा कामास येते.

आपल्या पूर्वजांनी या शस्त्राला जागा नेमून दिली होती. शिमग्याची बोंब सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी या दोन गावांमध्ये, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जो 'बोरीचा बार' होतो, त्याला तोड नाही. मधून ओढा वाहतो. एका काठावर सुखेडच्या बायका, दुसऱ्या काठावर बोरीच्या. वाद्यांच्या गजरात, पदर खोचून, हातवारे करीत त्या परस्परांना मनसोक्त शिव्या देतात. ओढ्यावर धुणे धुताना दोन सवतींचे भांडण झाले, त्याची ही आठवण, अशी कथा सांगतात; आणि बार चुकला तर गावावर अरिष्ट येते, अशी समजूत आहे. ज्या बाईला वर्षभर सासऱ्यापुढे आवाज चढवण्याची मुभा नाही, तिला या एका दिवशी साऱ्या गावासमक्ष ती मिळते. अरिष्ट टळते ते कदाचित यामुळेच.

त्याहून थोर दाखला दगडावर कोरलेला आहे. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात भूमिदानाच्या शिळा उभारीत. वर चंद्रसूर्य, मधे दानाचा लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे चित्र, की ज्याचे वर्णन येथे करता येत नाही. हीच ती गद्धेगाळ. मुंबईत परळला मिळालेल्या, दुसऱ्या अपरादित्याच्या कारकिर्दीतील शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे, आणि दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी मात्र शुद्ध मराठीत आहे. राजाने हे जाणून केले असावे. संस्कृतातील शापाचे भय ज्याला वाटले असते, तो जमीन बळकावण्याच्या फंदात बहुधा पडलाच नसता.

परंतु त्या शिळेकडे नीट पाहिले, की मन विटते. दान मोडणार पुरुष, आणि विटंबना त्याच्या आईची, जिचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नाही. आठशे वर्षे लोटली तरी आपल्या रस्त्यावरची शिवी आई-बहिणीचा तोच पत्ता विचारीत जाते. दुसऱ्याच्या जातीचे नावच शिवी म्हणून वापरण्याचा प्रकार याहूनही हीन; त्याला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जरब बसवली, ती आवश्यकच होती. शिवी ओंगळ आहे याची मला फारशी तक्रार नाही, भलत्याच्याच माथी बसते याची आहे.

जे शिलाहारांच्या कारकुनाने उघड कोरले, ते लिहायला आजचा ठाणे अंमलदार कचरतो. फिर्यादीत तो 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ व दमदाटी केली' एवढे ठरलेले वाक्य घालतो आणि मोकळा होतो. इंग्रज अमदानीत, १८६० साली झालेल्या दंडसंहितेच्या ५०४ व्या कलमाखाली शांतताभंगास चिथावणारा अपमान हा गुन्हा ठरला, आणि २०२४ पर्यंत तो त्याच कलमाखाली नोंदला जाई. पण अशा अपमानाचे प्रकरण चालू लागले, की नेमके शब्द कोणते, असे न्यायाधीश विचारतात, कारण शब्दांवाचून चिथावणीचे माप कसे घ्यावे? मग फिर्यादी पिंजऱ्यात खाली मान घालून, 'साहेब, माफी असावी' असे म्हणून, ज्या शब्दांसाठी डोकी फुटायची वेळ आली होती, तेच हळू आवाजात, एकामागून एक उच्चारतो. आरोपीचा वकील ते ऐकून घेतो, लघुलेखक ते उतरवून घेतो आणि एखादा शब्द नीट ऐकू न आल्यास पुन्हा सांगायला लावतो.