पाणी कुठं राहिलं?



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका लोणच्याविषयी आणि एका निकालाविषयी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात तो संबंध माझ्या आईनं जोडला, तोही एका तीन शब्दांच्या प्रश्नानं.

गोष्ट 2011 सालची. आम्ही पुण्यात राहतो. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडायच्या आत, आई मंडईतून राजापुरी कैऱ्या आणून वर्षाचं लोणचं घालत असे. त्या वर्षी तिचा उजवा हात मनगटात मोडला होता, प्लास्टर घातलेलं होतं. तेव्हा लोणचं घालायचं काम पत्नीवर आणि माझ्यावर आलं. आई खुर्चीवर बसून सूचना करत होती. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट. तेल कडकडीत तापवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं. फोडींच्या वर बोटभर तेल राहिलं पाहिजे. मग बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा. आम्ही सगळं ऐकलं आणि केलंही. पाच किलो कैऱ्यांचं लोणचं घातलं. मला तर फारच अभिमान वाटला.

महिनाभरानं दादरा सोडला, तर वर पांढरा बुरा! बरणीच्या गळ्यापाशी हिरवट ठिपके. मी लगेच पत्नीला म्हणालो, ‘तू मीठ कमी घातलंस.’ ती म्हणाली, ‘अहो, मीठ तुम्हीच मोजलंत.’ आमची जुंपायच्या बेतात होती. आईनं बरणीत वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

‘पाणी कुठं राहिलं?’

कुणी चुकलं असं तिनं विचारलं नाही. पाणी कुठं राहिलं, एवढंच विचारलं. मग आम्ही तिघं एकेक पायरी आठवत मागे गेलो. कैऱ्या पुसल्या होत्या का? होत्या. पळी कोरडी होती का? होती. तेल गार झालं होतं का? झालं होतं. बरणी? बरणी मी धुतली होती. फडक्यावर उपडी घातली होती. उन्हात ठेवली होती का? नाही. घाईत त्याच सकाळी भरली होती. चिनीमातीच्या बरणीचा गळा अरुंद असतो, त्याच्या आतल्या वळणाला ओल धरून राहते. ती ओल माझी होती.

लोणचं टिकतं कशामुळे, हे त्या दिवशी मला आईनं समजावलं. मीठ फोडींतलं पाणी ओढून काढतं आणि त्याचा खारट खार होतो. अशा खारात बुरशीला जगता येत नाही. वरचं तेल हवेची वाट अडवतं. पण जिथं बाहेरचं पाणी राहतं, तिथं खार पातळ होतो आणि बुरशीला तेवढी जागा पुरते. पत्नी म्हणाली, ‘वरचा थर काढून टाकू या का?’ आई म्हणाली, ‘वर दिसतं तेवढंच असतं असं नाही गं.’ सगळी बरणी टाकून दिली.

त्याच पावसाळ्यात माझे वडील आजारी पडले. दीड महिना रुग्णालयाच्या खेपा चालू होत्या. लेक तेव्हा सहावीत होती. तिला आम्ही सांगलीला तिच्या आत्याकडे पाठवलं. वडील गेले. लेक परत आली, शाळेत जाऊ लागली, वरच्या वर्गांत जात राहिली. बुडलेल्या शाळेचा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनातही आला नाही.

आता 2016 चा जून. दहावीचा निकाल. लेक गणितात नापास झाली. शंभरापैकी 22.

मी बँकेत नोकरी करत होतो. दिवसभर आकड्यांत बसणारा माणूस. माझ्या मुलीनं गणितात नापास व्हावं, हा मला माझाच अपमान वाटला. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, असं पुढे वाटलं. मी बोलणंच बंद केलं. तीन दिवस. बँकेत कुणी निकाल विचारला, तर विषय बदलत असे. घरी आलो की वर्तमानपत्र तोंडासमोर धरत असे. त्या दिवसांत त्याच वर्तमानपत्रांत निकालानंतरच्या कशा बातम्या येतात, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. त्या मी वाचत होतो, आणि माझी लेक पलीकडच्या खोलीत न जेवता पडून होती, या दोन गोष्टी मी एकत्र जोडत नव्हतो.

तिसऱ्या रात्री आई माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, ‘अरे, त्या वर्षी लोणचं नासलं, ते टाकून दिलं. पोर टाकता येते का?’

मी गप्प.

‘मग उठ, आणि पाणी कुठं राहिलं ते तिला विचार.’

मी गेलो. दार ढकललं. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, ‘कुठं अडतं ते मला दाखवशील?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून बसली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही चिडणार नसाल तर.’

श्रोतेहो, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आम्ही मागे मागे गेलो. भूमिती तिला येत होती. बीजगणितात समीकरण मांडता येत होतं, पण सोडवताना अपूर्णांक आला की हात थांबत होता. छेद वेगळे असतील तर बेरीज कशी करायची, हेच तिला पक्कं ठाऊक नव्हतं. नववीचं पुस्तक काढलं, आठवीचं, सातवीचं. अखेर सहावीशी येऊन थांबलो. तो दीड महिना! अपूर्णांकांचा पाया वर्गात पक्का करून घेतला गेला, तेव्हा ती सांगलीला होती. पुढची चार वर्षं ती पाठांतरावर तरली आणि दहावीत बुडाली. मी मात्र तिला आळशी ठरवून मोकळा झालो होतो.

त्याच्या आदल्या वर्षापासून, म्हणजे 2015 पासून, ऑक्टोबरऐवजी जुलैत फेरपरीक्षा घ्यायला सुरुवात झाली होती. पास झालं तर वर्ष वाचणार होतं. हातात वेळ थोडाच होता. मी शिकवायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी आवाज चढला. आईनं मला उठवलं. म्हणाली, ‘तू नुसता शेजारी बस.’

आई जुनी सातवी शिकलेली. पावकी, निमकी, पाऊणकी तिला तोंडपाठ. तिनं लेकीला स्वयंपाकघरात नेलं आणि वाट्या मांडल्या. चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड. मग म्हणाली, ‘आता तिसरा हिस्सा आणि पाव हिस्सा एकत्र कर बघू.’ लेक अडली. आईनं वाटीत बारा चमचे मीठ घातलं. त्याचा तिसरा हिस्सा चार चमचे, पाव हिस्सा तीन चमचे. दोन्ही मिळून सात. बारातले सात. लेकीनं वहीत सात छेद बारा लिहिलं आणि पहिल्यांदा हसली. ‘आजी, एवढंच होतं?’ एवढंच होतं.

रोज संध्याकाळी मी शेजारी बसत असे. गणितं तीच सोडवत असे. चुकली की विचारायची, ‘बाबा, पाणी कुठं राहिलं?’ आणि स्वतःच शोधायची. ऑगस्टच्या अखेरीस निकाल लागला. गणितात 41. पेढे वाटण्यासारखे हे गुण नव्हेत, हे मलाही कळतं. आम्ही मात्र वाटले.

या सगळ्यातून मी शहाणा झालो, असा दावा मी करणार नाही. आजही माझ्या तोंडात आधी ‘कुणी केलं?’ हेच येतं. घरात दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की मी आधी माणूस शोधतो. माणूस सापडला की शोध थांबतो, आणि ओल तिथंच राहते. पण हल्ली निदान आपण काय शोधतो आहोत, हे लक्षात येतं. मग जरा थांबतो.

आई 2019 मध्ये गेली. तिची बरणी आमच्याकडे आहे. दर मे महिन्यात लेक ती धुते, पुसते आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवते. तिसऱ्या दिवशी मला बोलावते. मी आत हात घालून गळ्याच्या वळणावरून बोट फिरवतो. बोट कोरडं निघालं की तिला म्हणतो, ‘भर आता.’